टॉवरला "बरं का" म्हणायचं नसतं

धाकटीने टॉवरला "बरं का" म्हटलं आणि तिचे दोन गुण गेले. "ऐका ना" म्हटल्याबद्दल आणखी दोन. शेवटी टॉवरने उतरायला परवानगी दिली, तेव्हा ती "अय्या, थँक्यू हं" म्हणाली. त्याबरोबर मोबाइलमधल्या ॲपने तालीमच थांबवली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली : अनावश्यक शब्द.

विमानातून विमानतळाच्या टॉवरशी रेडिओवर कसं बोलायचं, ते शिकवणारं हे ॲप. टॉवर मोबाइलमधला आणि विमान म्हणजे धाकटीचा पलंग. नियम तसे सोपे होते. आधी कोणाला हाक मारतोय ते सांगायचं, मग आपण कोण ते. तिकडून "बोला" आलं की आपण कुठे आहोत आणि काय हवंय, एवढंच सांगायचं. मिळालेली सूचना परत म्हणून दाखवायची. आणि दुसरं कोणी बोलत असेल तर तोंड मिटून थांबायचं. हा शेवटचा नियम धाकटीच्या घराण्यात आजवर कोणीही पाळलेला नव्हता.

विमान ती झकास चालवायची. तिचे प्रशिक्षक सर सुद्धा तेच सांगायचे. पण रेडिओच्या परीक्षेत ती दोनदा आपटली होती आणि शनिवारी शेवटची संधी होती. पास झाली तर एकटीने विमान उडवायला मिळणार, नाहीतर सरळ पुढच्या वर्षीच्या तुकडीत. एकटीने उडायच्या कल्पनेने तिला झोप लागत नव्हती आणि नापास व्हायच्या भीतीने घास उतरत नव्हता.

"तिची काही चूक नाही," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे याच घरात राहणारी बाबांची थोरली बहीण. "ठेवते हं फोन" असं ती म्हणाली की तिथून तिचा खरा फोन सुरू व्हायचा. "घरात आपण दिवसभर टकळी चालवतो, मग पोरीच्या जिभेला वळण कुठून लागणार? शनिवारपर्यंत सगळ्यांनी त्या ॲपसारखंच बोलायचं."

"तूसुद्धा?" बाबांनी विचारलं.

"मीसुद्धा. आणि हसू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरुवात झाली.

"आई, धाकटी."

"धाकटी, आई. बोल."

"स्वयंपाकघराच्या दारात. चहा हवाय."

"दूध तापेपर्यंत दारातच थांब."

"दूध तापेपर्यंत दारातच थांबते."

बाबांना हे जरा जड गेलं. ते खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमच्या दाराशी उभे राहिले. "आत्या, बाबा. दाराबाहेर. आत यायचंय."

"जागा रिकामी नाही," आतून आवाज आला. "घिरट्या घाल."

"घिरट्या घालतो," बाबा म्हणाले आणि ऑफिसला उशीर होत असूनही बैठकीच्या खोलीत गोल गोल फिरू लागले.

पण उपाय लागू पडला. धाकटीच्या बोलण्यातलं "बरं का" गेलं, मग "ऐका ना" गेलं, आणि ॲपची लाल अक्षरं हिरवी झाली. घर इतकं शांत झालं की फ्रिजला आवाज आहे हे आईला पहिल्यांदाच कळलं. तिने त्यासाठी मेकॅनिकलाही बोलावलं. तो बिचारा फ्रिज उघडून, बंद करून, काही बिघाड नाही असं सांगून गेला.

खरी भानगड झाली ती टेलिफोनवर. सवय ही काय घरापुरती राहते होय? बुधवारी काकांचा, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचा, फोन आला.

"काय दादा, काय चाललंय?"

"घरी आहे. जेवतोय. काय हवंय?"

"काही नाही रे, सहजच."

"काही नको. समजलं," बाबा म्हणाले आणि फोन ठेवून पुन्हा जेवायला लागले.

काका हातातल्या फोनकडे बघत राहिले. जन्मात असं झालं नव्हतं. त्यांनी लगेच मावशीला, म्हणजे आईच्या बहिणीला, फोन लावला. मावशी आधीच रडकुंडीला आली होती. "मला ताई म्हणाली, काम सांग. सख्खी बहीण आहे हो मी, माझं कसलं काम?" मग काकू म्हणाल्या की आत्याने तर त्यांना "ऐकलं" एवढंच म्हणून वाटेला लावलं. एकतर आपल्यावर भयंकर राग आहे, नाहीतर घरात कोणाचं तरी गंभीर आजारपण आहे, असं सगळ्यांचं ठरलं. दोन्हींना चालतील म्हणून फळं घेऊन शनिवारी दुपारी तिघंही दारात हजर झाली.

धाकटी तेव्हा परीक्षेला गेली होती. खरा प्रकार कळला तेव्हा पाहुण्यांचा जीव भांड्यात पडला आणि आत्याचा बांध फुटला. आठवडाभराचं तुंबलेलं बोलणं होतं ते. आई तिचं बोलणं तोडून बोलत होती, मावशी आईचं तोडून बोलत होती, आणि बाबा व काका एकमेकांचं न ऐकता एकमेकांना पटवत होते. किती बरं वाटत होतं सगळ्यांना.

तिकडे धाकटी एकही फाजील शब्द न बोलता पास झाली. खऱ्याखुऱ्या टॉवरने तिचं कौतुक केलं. सरांनी निकाल सांगितला तेव्हाही ती "समजलं" एवढंच म्हणाली. एकटीने उडायचा दिवस आजच पक्का करून फोनवर कळवतो, असं सर म्हणाले. ॲपने तिच्या मोबाइलची बॅटरी पार खाऊन टाकली होती, म्हणून तिने बाबांचा नंबर दिला. घरचा जिना ती धावतच चढली.

घरी पोचल्यावर ती दारात उभी राहिली. "सगळे, धाकटी," असं म्हणून, नियमाप्रमाणे "बोल" यायची वाट बघत गप्प राहिली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. या घरात चांगली बातमी जिन्यातूनच ओरडत वर येते. आणि ही तर तोंड मिटून उभी होती.

"गेली परीक्षा," आत्या म्हणाली आणि तिने धाकटीला पोटाशी धरलं. "जाऊ दे गं राणी. मेलं त्या विमानात ठेवलंय काय?"

"माझ्या नणंदेचा मुलगा किती वेळा नापास झाला," मावशी म्हणाली, "आता बघ, स्वतःचं दुकान आहे."

"आमच्या ऑफिसात चिकटवून देतो तिला," काका म्हणाले. "टेबल, खुर्ची, पंखा. वरून पडायची भीती नाही."

धाकटीने तोंड उघडलं. पण मावशी बोलत होती, म्हणून मिटलं. मावशी थांबली तोवर काकू सुरू झाल्या होत्या. आई तर डोळे पुसत पुसत बोलत होती. धाकटी आज्ञाधारकपणे मोकळी जागा शोधत होती, आणि तशी जागा काही केल्या मिळेना.

तेवढ्यात बाबांचा मोबाइल वाजला.

"कोण, सर? नाही नाही, तुम्ही काही बोलूच नका. कळलं आम्हाला. पोर पार कोमेजून गेलीय हो. तोंडातून शब्द फुटत नाहीये. आता या घरात विमानाचं नाव नको. तुमचा दोष नाही सर, आमचं नशीब. तुम्ही तिचं नाव काढून टाका आणि तिची जागा दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाका."

इतक्या कष्टाने मिळवलेलं विमान बाबा तिच्या डोळ्यांदेखत वाटून टाकत होते, आणि खोलीत सहा माणसं एकाच वेळी बोलत होती. आता एकच मार्ग होता. जिवावर बेतलं तर रेडिओवर संकटाची हाक देऊन कोणाचंही बोलणं तोडायची मुभा असते.

"मेडे, मेडे, मेडे," ती म्हणाली, ॲपने शिकवल्याप्रमाणे स्वच्छ आणि सावकाश.

सगळे गप्प झाले. काकांनी सोललेलं केळं तसंच हातात राहिलं.

"बाबा, धाकटी. दारात उभी. पास झालेय. फोन हवाय."

"दारात उभी, पास झालीयेस, फोन," बाबांनी आठवडाभराच्या सवयीने म्हणून दाखवलं, आणि मग त्यांना त्याचा अर्थ लागला. ते घाईघाईने फोनमध्ये म्हणाले, "सर, अहो, ती पास झालीय म्हणतेय."

"मीच केलंय तिला पास," सर तिकडून म्हणाले. "सोमवारी सकाळी तिने एकटीने उडायचंय, एवढंच सांगायचं होतं. तुमचं बोलणं संपायची मघापासून वाट बघतोय."