सात अंश कललेलं दार

"चार दिवसांत घर उभं करून दाखवतो की नाही, बघा!" असं सेक्रेटरींनी पाळकसाहेबांना चर्चच्या पायरीवर ठणकावून सांगितलं. पाळकसाहेबांनी बघायचं कबूल केलं. अट एकच घातली: रोज संध्याकाळी फोनवर रिपोर्ट पाठवायचा.

सेक्रेटरी म्हणजे चर्चच्या तरुण संघाचे सेक्रेटरी. वय एकोणचाळीस. तरुण संघात पस्तिशीनंतर राहता येत नाही, पण सेक्रेटरी बदलायला सभा लागते आणि सभा बोलावण्याचा अधिकार सेक्रेटरींना असतो. एरवी ते टपाल कार्यालयात पार्सलं तोलतात. आयुष्यात त्यांनी उभं केलेलं एकमेव बांधकाम म्हणजे घरातला कपडे वाळत घालायचा स्टँड. तोही भिंतीला टेकवला तरच उभा राहतो.

"दादा, आपण तिथे मदत करायला चाललोय," बसमध्ये धाकट्या बहिणीने आठवण करून दिली. ती नर्स असल्यामुळे सगळ्यांशी पेशंट असल्यासारखंच बोलते. "हाताखाली काम करायचं. गवंडी सांगेल तसं."

"गवंडी सांगेलच गं. पण नेतृत्व?"

बहिणीने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर चक्रीवादळाने झाडं काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशी सांडून ठेवली होती.

रिपोर्ट, गुरुवार. *अकराही जण सुखरूप पोचलो. उत्साह दांडगा.*

घर एका आजींचं होतं. आजींनी जन्मभर गावातल्या शाळेचे गणवेश शिवले, आणि वादळाने घर मोडल्यावर त्याच शाळेत, तिसरीच्या वर्गात, फळ्याखाली त्यांची गादी पडली होती. शाळा सोमवारी भरणार होती. तरुण संघाची बस रविवारी पाचला निघणार होती. म्हणजे जे काय व्हायचं ते रविवारी पाचच्या आत.

सेक्रेटरींनी वही उघडून विचारलं, "आजी, भिंतींना रंग कोणता देऊ?"

"रंग राहू दे, बाळा. तेवीस रात्री मी एकसष्ट माणसांत झोपलेय. झोपलेय कसली, पडलेय! एक घोरतो, एक झोपेत भांडते, आणि पहाटे चारला कुणीतरी प्लास्टिकची पिशवी चुरगाळत बसतं. मला एक दार हवंय. त्याला आतून कडी. बस्स."

सेक्रेटरींनी वहीत लिहिलं: *दार. कडी (आतून).* आणि खाली दोन रेघा ओढल्या.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. ही सगळी मंडळी तीन वर्षांची असल्यापासून रविवारच्या शाळेत वाढलेली. 'प्रार्थना' हा शब्द कानावर पडला की त्यांचे हात आपोआप जोडले जातात आणि डोळे आपोआप मिटतात. हातात काय आहे याचा विचार डोक्यात येईपर्यंत हात रिकामे झालेले असतात.

भिंती गवंडीकाकांनी आधीच उभ्या केल्या होत्या; शुक्रवारी सकाळी दाराची चौकट उभी करायची होती. दोन उभी लाकडं, वर एक आडवं. चौघांनी ती धरली. सगळ्यात उंच पोरगा मधोमध. तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, म्हणून त्याचं नावच ऑर्गन.

गवंडीकाका म्हणाले, "नीट ऐका. हे लवकर धरणारं सिमेंट आहे. पाणी पडलं की पाच मिनिटं. मी बुडाशी भरतो, तुम्ही चौकट सरळ धरायची. भूकंप झाला तरी हलायचं नाही!"

"नाही हलणार!" चौघेही ओरडले.

काकांनी सिमेंट कालवलं, दोन्ही बुडांशी भरलं, आणि तेवढ्यात सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला.

"अरे! प्रार्थना राहिली!"

आठ हात चौकटीवरून निघाले आणि जोडले गेले.

"हे दयाळू पित्या..."
(सिमेंट: दूध.)

"...आम्हाला बस देणाऱ्या बंधूंना, बस चालवणाऱ्या बंधूंना, आणि वाटेत पंक्चर काढून देणाऱ्या त्या अनोळखी बंधूंना..."
(सिमेंट: दही.)

गवंडीकाका खोकले. काका वेगळ्या धर्माचे. दुसऱ्याच्या प्रार्थनेत मध्येच बोलायचं तरी कसं? माणूस भिडस्त.

"...पाठदुखीमुळे येऊ न शकलेल्या आमच्या भगिनींना, त्यांच्या पाठीला..."
(सिमेंट: लोणी.)

काका जोरात खोकले. सेक्रेटरींना वाटलं, माणूस हेलावला! त्यांना आणखी स्फुरण चढलं.

"...आणि या गवंडीबंधूंच्या हृदयाला तू जो स्पर्श केला आहेस, तो..."
(सिमेंट: साबण.)

काका आता इतके खोकत होते की बहिणीने मिटल्या डोळ्यांनीच त्यांना औषध सुचवलं.

"...आमेन!"
(सिमेंट: दगड.)

डोळे उघडले. चौकट ऑर्गनच्या खांद्यावर मान टाकून उभी होती, लग्नाच्या फोटोतल्या नवरीसारखी!

"तुला कळलं नाही?" बहीण किंचाळली.

"कळलं ना," ऑर्गन म्हणाला. "मला वाटलं, कुणीतरी बंधुभावाने खांद्यावर हात ठेवलाय."

काकांनी मोजलं. सात अंश. "आता फोडायला गेलं तर भिंतही येईल सोबत. नवी चौकट म्हणाल तर अख्ख्या गावाला दारं हवीत. वखारीत तीन आठवड्यांची रांग आहे."

"आजींकडे तीन दिवस आहेत," बहीण म्हणाली, आणि पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

रिपोर्ट, शुक्रवार. *चौकट बसवली. इतकी पक्की बसली आहे की आता कोणालाही हलवता येत नाही.*

शनिवारी काकांनी सगळ्यांना आधी जमिनीवर प्रार्थना उरकायला लावली आणि मगच छपरावर चढू दिलं. त्यामुळे पत्रे अगदी व्यवस्थित बसले. उरलं दार. आजींचं जुनं दार वादळाने उचलून तीन घरं पलीकडे अलगद ठेवलं होतं, कडीसकट.

"चौकट तिरकी आहे ना? मग दारही तिरकं कापू!" सेक्रेटरी म्हणाले. कल्पना खरोखरच चांगली होती. ती त्यांची होती हे बहिणीला दुपारपर्यंत खरं वाटेना. दार सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं, काकांनी माप लिहून दिलं, आणि सेक्रेटरींनी स्वतः करवत चालवली. घामाघूम झाले. शेवटी दार उचलून चौकटीला लावलं.

चौकट उजवीकडे कललेली. दार डावीकडे.

वरच्या कोपऱ्यात फट अशी पडली की शेजारची मांजर एकदा आत जाऊन बाहेर आली. तिलाही पटलं नसावं.

"हवा खेळती राहील," सेक्रेटरी हळूच म्हणाले.

"दादा, तू बस. डोकं खाली घाल आणि खोल श्वास घे."

एवढ्यात आजी आल्या. गळ्यात मापाची टेप, डोळ्यांवर चष्मा. दाराकडे बघून त्यांनी क्षणभर ओठ घट्ट मिटले. पंचवीस रात्री जिची वाट बघितली ती गोष्ट समोर अशी लटकत होती! सेक्रेटरींना वाटलं, आता या रडणार. त्यापेक्षा वादळ परवडलं.

आजी म्हणाल्या, "कापताना कुठली बाजू वर होती?"

"आतली."

"म्हणजे अस्तर वर ठेवून कापलंस. माझ्याकडे नवीन पोरी यायच्या ना शिवण शिकायला, पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण हेच करायची. पालथं कर."

"काय?"

"दार रे! आतली बाजू बाहेर घे."

पालथं केलं. मांजर जाईल ती फट गेली, मुंगी जाईल ती फटसुद्धा राहिली नाही. काकांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्गनने सेक्रेटरींना उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

रिपोर्ट, शनिवार. *दाराचे काम शिवणकलेच्या तत्त्वावर पूर्ण केले. सविस्तर समक्ष.*

रविवारी दुपारपर्यंत बिजागऱ्या बसल्या. तोवर शाळेच्या शिपायाने आजींची गादी आणून अंगणात ठेवली. वर्ग धुवायला घेतला होता, आता परत जायला जागा नव्हती.

"आजी, तुम्ही आत उभ्या राहा!" सेक्रेटरी फुशारले. त्यांनी दार लोटलं, कडी सरकवली. खट्! काय तो आवाज! "कसं वाटतंय?"

आतून आजींचा आवाज आला. "बाळा, कडी कुठेय?"

"ही काय, माझ्या हातात!"

"आणि तू कुठेयस?"

सेक्रेटरींनी आजूबाजूला बघितलं. ते अंगणात होते.

"उघड आधी! घर मागितलं होतं मी, कोठडी नाही!"

बहिणीने स्क्रू-ड्रायव्हर दादाच्या हातात ठेवला. "डोळे उघडे. तोंड बंद."

दोन तास सेक्रेटरी नुसत्या मोज्यांवर आत गुडघे टेकून बसले, कारण आजींनी लादी पुसली होती आणि बूट घातलेल्याला आत प्रवेश नव्हता; बाहेर चिखल, म्हणून सगळ्यांनी बूट काढून, हातात धरून आत भिंतीशी आणून ठेवले होते. पहिल्यांदा कडी उलटी बसली. दुसऱ्यांदा अंगठा मध्ये आला. तिसऱ्यांदा ती सरकली. आजींनी स्वतः लावली, काढली, लावली, काढली. मग चष्मा पदराने पुसला.

पावणेपाच. घरासाठी शेवटची प्रार्थना करायची होती.

"तुम्ही बाहेर पायरीवर करा," आजी म्हणाल्या. "मी आतून आमेन म्हणते." त्यांनी गादी आत ओढली. दार मिटलं. खट्!

अकरा जण अंगणात उभे राहिले. सेक्रेटरींनी एकदा बहिणीकडे बघितलं, मग डोळे मिटले.

"प्रभू, हे घर सांभाळ."

संपलं! चार शब्द! ऑर्गनने दचकून डोळे उघडले. सगळे आतल्या आमेनची वाट बघू लागले.

आतून घोरण्याचा आवाज आला. संथ, खोल, एका लयीत.

"झोपल्या," बहीण कुजबुजली. मग तिचा चेहरा बदलला. "दादा, आपल्या बॅगा?"

बॅगा आत होत्या. अकरा. आणि भिंतीला लावून ठेवलेले, पुसलेल्या लादीला मान देणारे अकरा जणांचे बूट.

कोपऱ्यावर बसने हॉर्न दिला. सेक्रेटरी पायरी चढले. ठोठावायला हात वर केला. सव्वीस रात्रींनंतर कुणीतरी आत एकटं, पाय पसरून झोपलं होतं. हात तसाच खाली आला.

"चला," ते म्हणाले. "पाय न वाजवता."

बावीस मोजे चिखलातून एका रांगेत बसकडे निघाले.

रिपोर्ट, रविवार. *काम पूर्ण. दार आतून उत्तम लागते. सर्वांनी बाहेरून खात्री करून घेतली आहे.*