रामप्रसादरावांची हिरवी सही

सुरेखाबाई सरपंच झाल्या तेव्हा त्यांच्यापेक्षा जास्त गुलाल रामप्रसादरावांच्या अंगावर होता. जागा बाईंसाठी राखीव, फोटो बाईंचा, मतं बाईंची. पण बायको सरपंच झाली की सह्या नवऱ्याने करायच्या, हे कुठे लिहिलेलं नसलं तरी आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. म्हणूनच सुरेखाबाईंच्या भावाने, राधेश्यामने, बहिणीला पाठवलेला शाईचा पेन रामप्रसादरावांनी सरळ आपल्या खिशाला लावला. आता राहिली होती शाई. तीही हिरवी हवी होती.

"हिरवीच काऊन?" सुरेखाबाईंनी विचारलं.

"साहेबलोक हिरव्यानं सही करतेत. निळ्यानं तर शाळंतले पोरंबी करतेत."

कुंभार पिंपळगावच्या बाजारात शाईच नव्हती. अंबडला कोर्टाजवळ लालचंदशेठच्या दुकानात होती, पण निळी.

"हिरवी मागवावी लागल, पाटील. पुढच्या आठवड्यात या."

"उद्या पहिली ग्रामसभा हाय, शेठ."

"मंग निळी घ्या. सही बराबर असली की रंग कोन पाहतंय?"

रामप्रसादरावांनी निळी घेतली, पण मन काही हिरवीतून निघेना. परतीच्या बसमध्ये त्यांना आठवलं की निळ्यात पिवळं मिसळलं की हिरवं होतं, आणि पिवळं तर घरात डबाभर आहे. घरी येताच त्यांनी वाटीत थोडी शाई ओतून तीत रंग जमेपर्यंत डब्यातली सगळी हळद कालवली. रंग असा झकास उतरला की त्यांनी वाटी नेऊन बायकोला दाखवली.

"अन् वरणाला काय घालू?" सुरेखाबाई एवढंच म्हणाल्या.

सकाळी ती शाई भरलेला पेन उमटेना. रामप्रसादरावांनी तो झटकला, जिभेला लावला, शेवटी उघडून नळी जोरात दाबली. हळदीचा गाळ भस्सकन बाहेर आला आणि दोन्ही तळहात हिरवेगार झाले. साबण झाला, राख झाली, रॉकेल झालं. हात होते तसेच. तिकडे ग्रामसभा भरलेली.

शेवटी ते दोन्ही हात खिशात घालूनच गेले. दारातच म्हाताऱ्या गोजरबाईंनी नमस्कार केला. रामप्रसादरावांनी नुसती मान हलवली.

"सत्ता आली अन् हात जोडायचं बंद झालं का रे?" गोजरबाई म्हणाल्या.

ग्रामसेवक सोमेश्वर भाऊसाहेबांनी गावच्या रिवाजाप्रमाणे कागद रामप्रसादरावांपुढे सरकवले. "भाऊ, सही."

रामप्रसादरावांचं इतक्या दिवसांचं स्वप्न समोर होतं आणि हात खिशात अडकले होते. "सरपंचाला द्या," ते कसेबसे म्हणाले. "सरपंच त्या हायेत."

सुरेखाबाईंनी कागद ओढले आणि आधी वाचायला घेतले. "पान्याची मोटर दुरुस्तीला गेल्ती ना, भाऊसाहेब? मंग आली काऊन न्हाई?" असं गावात आजवर कोणी विचारलंच नव्हतं. भाऊसाहेबांनी उद्याचा वायदा केला. मग बाईंनी त्यांचाच बॉलपेन मागून घेतला आणि सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.

सभा उठल्यावर गोजरबाईंनी रामप्रसादरावांना गाठलं. "चुकले रे बाबा. सही तर सोड, तू हातबी पुढं केला न्हाईस. असा नवरा पंचक्रोशीत न्हाई."

चार माणसांनी माना डोलावल्या. रामप्रसादरावांना बरं वाटलं. आणि एकदा एवढं नाव झाल्यावर ते राखणंही आलंच.

दुसऱ्या दिवशी सुरेखाबाईंनी पेन मागून घेतला, कोमट पाण्याने धुतला आणि बाटलीतली उरलेली निळी शाई भरली. पेन लोण्यासारखा चालू लागला. ओसरीवर दाखल्यांसाठी माणसं बसली होती, चूल पेटलेली होती आणि सरपंच सह्या करण्यात गुंतल्या होत्या. रामप्रसादराव गुपचूप आत गेले आणि परातीतलं पीठ भिजवायला बसले.

पहिली भाकरी जरा वाकडी झाली, पण टम्म फुगली. ती घेऊन ते ओसरीवर आले तेव्हा तिच्यावर बोटांचे हिरवे ठसे स्वच्छ उमटलेले होते. सुरेखाबाईंनी ती उलटून पालटून पाहिली.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "हिच्यावर सायबाची सही हाय."