मिनिटाला बारा वेळा मान

बाईंना लोक मत का देतात, हे तीन दिवसांत शोधावे, अन्यथा घरी बसावे, असा लेखी आदेश साहेबांच्या प्रचार कार्यालयातल्या लेखनिकाला सोमवारी मिळाला.

साहेब तीनदा निवडून आलेले. समोरच्या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. सगळ्यांना सारखं पाणी, स्वस्त बस, असलं काहीबाही बोलायच्या. तरी लोक स्वतःचा रंग आणून त्यांच्या पाट्या रंगवत होते. कार्यालयाच्या मते हा उघड गैरप्रकार होता.

लेखनिक निघाला. दारात बायको काहीतरी सांगत होती. त्याने मान डोलावली.

"मावशी, त्या बाईंचं एवढं काय हो?" त्याने कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना विचारलं.

"अरे, मी पाण्याचं रडगाणं लावलं, तिने शेवटपर्यंत ऐकलं. वर आठवड्याने येऊन विचारलं, नळ आला का म्हणून!"

"ऐकताना नेमकं काय करत होत्या?"

"काय करणार? मान डोलवत होती."

लेखनिकाने अहवाल दिला. कारण : मान.

"हात्तिच्या! मान तर आपल्यालाही आहे!" साहेब म्हणाले. परिपत्रक निघालं : मिनिटाला बारा वेळा, फक्त वर-खाली, आडवी हलवल्यास खुलासा द्यावा लागेल. घड्याळ लावून तीन तालमी झाल्या.

सभेत शिंपीणबाई उठल्या. "आमच्या गल्लीचं पाणी तुमच्या मेव्हण्याच्या बागेत जातं ना?"

साहेबांनी मान डोलावली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

मान.

"आणि तरी तोंड वर करून मत मागता?"

या मिनिटाच्या बारात अजून दोन कमी पडत होत्या. लेखनिकाने मागून खुणावलं. साहेबांनी दणकून दोनदा डोलावली. टाळ्यांनी मंडप हलला.

"बघ," डोळे पुसत साहेब पुटपुटले, "जनतेचं प्रेम म्हणतात ते हेच!"

बाई तीस हजार मतांनी निवडून आल्या. लेखनिक घरी आला.

"नोकरी गेली," तो बायकोला म्हणाला.

"मग बाईंकडे अर्ज का नाही केलास? मी त्या सोमवारपासून रोज कानीकपाळी ओरडतेय, त्यांना लोकांचं ऐकायला माणूस हवाय म्हणून! काल मुदत संपली. तू तर मान डोलवत होतास!"

लेखनिकाने सवयीने पुन्हा डोलावली.

हसताय ना? हसा. फक्त, तुम्ही हे वाचत असताना आत्ता घरातलं कुणीतरी तुम्हाला काहीतरी सांगून गेलं. तुम्ही 'हो' म्हणालात.

काय म्हणालं ते?