टाकी धुतल्याचा दिनांक

आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीवर दोन ओळी आहेत. 'टाकी धुतल्याचा दिनांक' आणि 'पुढील दिनांक'. हे दोन्ही दर महिन्याला रंगवण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने पाणीपुरवठा कर्मचारी बाळासो, म्हणजे प्रस्तुत इसम, याच्यावर सोपवलेली आहे. आजवर एकही महिना चुकलेला नाही.

पूर्वी मी टाकी धूतही असे. पण धुवायची म्हणजे दिवसभर पाणी बंद, आणि पाणी बंद म्हणजे गाव माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. एकदा टाकी रिकामी होईतोवर नुसतं बसून काय करायचं, म्हणून आधी तारीख रंगवली. येणारा-जाणारा मान वर करून म्हणू लागला, "धुतली व्हय? ब्येस झालं." जनतेचं समाधान झालेलं पाहून मी पाणी परत सोडलं आणि घरी जाऊन जेवलो. पुढं तपासणी समिती आली, तारखेचा फोटो काढून गेली, आणि गावाला स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र मिळालं.

मग मनुबाईच्या अंकिताला कावीळ झाली. पोरगी दोन वर्षं पोलीस भरतीसाठी रहिमतपूरच्या रस्त्यावर पळत होती, आणि साताऱ्यातली मैदानी चाचणी वीस दिवसांवर आली होती. आणखी सहा जण पिवळे पडले.

सरपंच उदयसिंहांनी तातडीची बैठक घेतली. "टाकीचा काय संबंध न्हाई. तारीख हाय की वर!" त्यामुळे रोगाचं मूळ ग्रामस्थांच्या हातांवर आहे, असा ठराव झाला. हात धुण्याचा कार्यक्रम टाकीखालच्या नळावरच ठेवला. तालुक्याच्या पाहुण्यांनी हात कसे चोळायचे ते दाखवलं, चूळ भरायला सांगितलं आणि स्वतः बाटलीतलं पाणी प्याले. आठवड्यात रुग्ण तेवीस झाले. अहवालात मी लिहिलं, 'लोकसहभाग वाढत आहे.'

अंकिता माझ्याकडं आली. "काका, एकदा वर चढून बघा की."

"तारखेपुरती अर्धी शिडी लागती बाय. त्याच्या वर चढायचा आदेश न्हाई मला."

ती स्वतःच चढली. दर चार पायऱ्यांना थांबत, धापा टाकत. झाकण उचललं आणि तिथंच ओकली. आत दोन कबुतरं होती, त्यातलं एक बरंच जुनं.

पंचनामा रीतसर झाला. टाकी दिनांकाप्रमाणे स्वच्छ असल्याने कबुतरं त्यानंतर मेली असावीत. शिवाय ती आमच्याच हद्दीतली असल्याचा पुरावा नाही. कबुतरं काढली. राहिलेला गाळ धुवायचा तर दिवसभर पाणी बंद ठेवावं लागणार होतं, म्हणून ग्रामसभा बोलावली.

"उद्या नको, पावनं येणार हायती," एकजण म्हणाला.

"परवा माझ्याकडं बारसं हाय."

"आवं, कबुतरं काढली न्हवं? मग झालं की! आमच्या घरात फिल्टर हाय."

उदयसिंहांनी विचारलं, "पाणी बंद ठेवा म्हणणाऱ्यांनी हात वर करा." एकच हात वर झाला, तोही पिवळा. माझा हात मांडीवरच राहिला. खोटं कशाला बोलू, लय लाज वाटली. पण नोकरी आहे.

चाचणीच्या दिवशी अंकिताला सलाईन लावलं होतं. मैदानावर म्हणे तिचं नाव तीनदा पुकारलं. त्याच दुपारी मी नवी तारीख रंगवली.

तुम्ही हसताय. हसा. हसून घसा कोरडा पडला असेल तर घोटभर पाणी प्या. तुमच्या टाकीत शेवटचं कोण डोकावलं होतं, ते मात्र विचारू नका. दिवसभर पाणी बंद राहील.