पाच नंबरचा खेकडा

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता समोर एक काचेची पेटी आणा. पेटीत भाईंदरच्या खाडीचं गढूळ पाणी, तळाला चिखल, कोपऱ्यात फुटक्या कुंडीचा अर्धा तुकडा पालथा घातलेला. आणि मधोमध, गावचा सरपंच बसावा तसा ऐसपैस बसलेला एक खेकडा. त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने इंग्रजी 5 लिहिलंय. आता उघडा डोळे. चावत नाही तो.

हा पाच नंबर आमच्या सिल्व्हर पार्कमधल्या घरी, चौथ्या मजल्याच्या गॅलरीत राहायला आला होता. माझी सून रसिका खेकड्यांवर पीएचडी करते. खाडीच्या घाण पाण्यात खेकडा कसा वाढतो, हे ती मोजत असते. कॉलेजची प्रयोगशाळा रंगवायला काढली, म्हणून पाहुणा आमच्याकडे.

तुम्हाला शाळेत स्कॉलरशिपची परीक्षा असते ना, तशी मोठ्यांची फेलोशिप असते. फरक इतकाच की देशभरातले हुशार लोक तिला बसतात आणि जागा आमच्या लिफ्टमध्ये मावतील इतक्याच असतात. रसिका शेवटच्या फेरीत पोचली होती. सोमवारी सकाळी कॉम्प्युटरवर मुलाखत. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी. नाही मिळाली तर पीएचडी गुंडाळायची आणि पुन्हा क्लासमध्ये शिकवायला जायचं.

रविवारी ती तयारीसाठी तिच्या सरांकडे निघाली.

"बाबा, खेकड्याकडे लक्ष ठेवाल?"

"अगं, मी जन्मभर विज्ञान शिकवलंय. आठवी क सांभाळलीय. हा तर एकटाच आहे आणि बोलतही नाही."

"फक्त बघायचं. हात लावायचा नाही."

"अगं, आठवी क..."

"बाबा, हात लावायचा नाही."

दुपारी आमची नात अंबिका, दुसरीतली, मला हलवून म्हणाली, "आजोबा, तो हलत नाहीये."

मी काचेवर टकटक केलं. हाक मारली. शाळेत खाकरायचो तसा खाकरलो. पाच नंबर ढिम्म! पाय पसरून पडलेला. रसिकाला फोन करावा, तर ती बिचारी मुलाखतीच्या घोरात. तेव्हा मी माझ्या अनुभवाच्या जोरावर निर्णय घेतला. माझ्या अनुभवाबद्दल आमच्या हिचं, आशाचं, वेगळं मत आहे, ते तुम्हाला पुढे कळेलच.

स्वयंपाकघरातल्या चिमट्याने मी त्याला उचललं. कापसासारखा हलका लागला. "बघ अंबू," मी म्हणालो, "फेलोशिपच्या काळजीने वाळला बिचारा."

तिने त्याला उलटसुलट करून बघितलं. "आजोबा, हा आतून रिकामा आहे."

"मेल्यावर सगळेच रिकामे होतात, बाळ. कागदात गुंडाळ आणि कचऱ्यात टाक. आणि आईला इतक्यात काही सांगायचं नाही."

ती पुडी घेऊन आत गेली. मी डबा घेऊन बाहेर पडलो.

खारी गावची मंदा आमच्या नाक्यावर मासळी विकते. तिला म्हणालो, "एक खेकडा दे. जिवंत. हिरवट काळा, माझ्या तळहाताएवढा. डावी नांगी थोडी मोठी हवी. आणि स्वभावाने शांत."

मंदाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मास्तर, रस्सा करायचा हाय का पोरीला स्थळ बघताय?"

"अगं, दिसायला हवाय."

"सभाव आमी न्हाय बघत. ही घ्या चिंबोरी. नांग्या बांधल्यात, उगाच सोडू नका."

घरी येऊन मी व्हाइटनरने त्याच्या पाठीवर पाच काढला आणि त्याला पेटीत सोडलं. नांग्यांचा दोरा कापायला कात्री घेऊन दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी कात्री जागेवर ठेवून आलो. आशा हे सगळं दारातून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "चालू दे."

रसिका परत आली तेव्हा पेटीवर टॉवेल होता.

"झोपलाय," मी म्हणालो.

"बाबा, खेकडे रात्री जागे असतात."

"आज दमलाय."

ती स्वतःच इतकी दमली होती की हसून झोपायला गेली.

सकाळी स्क्रीनवर परीक्षक गंभीर चेहऱ्यांनी बसले होते. रसिका छान बोलत होती. मग त्यातल्या एक मराठी मॅडम म्हणाल्या, "तुमचा तो पाच नंबर दाखवता का?"

रसिकाने टॉवेल काढला. बघितलं. परत बघितलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हा मराठीतला ५ कुठून आला?"

काय करणार! जन्मभराची सवय. वर याच्या नांग्यांना दोरा. एवढ्यात कुंडीचा तुकडा हलला आणि त्याखालून दुसरा खेकडा बाहेर आला. चकचकीत, पाठ कोरी, आणि पहिल्यापेक्षा चांगला मोठा.

"पाचने कात टाकली!" रसिका ओरडली. "बाबा, तो बांधलेला आधी बाहेर काढा. हा अजून लोण्यासारखा मऊ आहे, तो खाऊन टाकेल याला!"

मी डबा बुडवून मंदाच्या चिंबोरीला बाहेर काढलं. दोरा कापला नव्हता म्हणून पाच नंबर वाचला. भित्रेपणाही कधी कधी विज्ञानाच्या कामी येतो, मुलांनो.

आता तुम्हाला कळलं असेल. खेकड्याचं कवच वाढत नाही. म्हणून वाढायचं झालं की तो जुनं कवच अख्खं, पायांसकट, काढून ठेवतो आणि नवं कडक होईपर्यंत लपून बसतो. हा धडा मी स्वतः शिकवलेला आहे. अनेक वर्षं. आकृतीसकट.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण हा तोच खेकडा कशावरून? नंबर असलेली जुनी कात कुठे आहे? तिच्याशिवाय वाढ मोजणार कशी?"

रसिकाने माझ्याकडे बघितलं. मी कॅमेऱ्यासमोर गेलो. "मॅडम, चूक माझी आहे. मला तो मेलेला वाटला. मी कचऱ्यात टाकायला लावला. सकाळी गाडी येऊन गेलीसुद्धा."

रसिकाचे डोळे भरले. तरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "असू दे, बाबा."

निकाल महिन्याने लागला आणि फेलोशिप रसिकाला मिळाली, हे मी आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. ती मिळाली कशी, ते ऐका.

अंबिका आत गेली आणि तिचा शाळेचा डबा घेऊन आली. झाकण उघडलं. आत हातरुमालावर पाच नंबरची जुनी कात, एकही पाय न मोडलेली.

"मला आवडला म्हणून ठेवला," ती स्क्रीनकडे बघून म्हणाली. "मी कालच सांगितलं होतं, हा रिकामा आहे."

परीक्षक पुढे झुकले. मीही आजोबाच्या अभिमानाने पुढे झालो आणि डबा घ्यायला दोन्ही हात पसरले.

अंबिकाने माझ्या हातांकडे बघितलं. मग डबा छातीशी धरून, मला पूर्ण वळसा घालून, तिने तो आईच्या हातात दिला.