विषय : गादी मिळणेबाबत

हमीदचाचांच्या राज्यात जादू करायची तर आधी अर्ज द्यावा लागायचा.

लातूरच्या ट्यूशनच्या गल्लीत ज्या मेसवर मी पोळ्या लाटते, तिथं रविवारची टेस्ट झाली की पोरं जेवणाच्या टेबलावर एक खेळ मांडायची. वीस बाजूंचा फासा, हातानं काढलेला नकाशा. कुणी जादूगार व्हायचं, कुणी राजपुत्र, आणि एकानं गोष्ट चालवायची. गोष्ट चालवणारा पोरगा डॉक्टर व्हायचा नाद सोडून गावी गेला, तेव्हा कोपऱ्यात वरणभात कालवणारे हमीदचाचा म्हणाले, "मी चालवतो. रियासत चालवायला अक्कल लागत न्हाई, नियम लागतात."

चाचा म्हणजे तहसीलीसमोर बसून जन्मभर लोकांचे अर्ज लिहिलेला माणूस. डोक्यावर काळी टोपी, खिशात तीन पेनं, तिन्ही चालू.

पहिल्याच रविवारी निलंग्याच्या प्रवीणनं फासा टाकला अन् ओरडला, "राक्षसावर आग!"

चाचांनी चष्मा पुसला. "कागद बघू."

"कसला कागद, चाचा?"

"आग कुणाची? अग्निदेवतेची. मग तिला लिही. विषय : राक्षसाच्या दाढीस आग लावणेबाबत."

घाईत प्रवीण विषयच लिहायचा विसरला. अर्ज त्रुटीत निघाला, आणि तोवर राक्षसानं दोन घोडे खाल्ले.

"राक्षसाला घाई आसंल," चाचा म्हणाले, "दफ्तराला न्हाई."

गुहेतला ड्रॅगन तर पोरांना मारताच येईना. "बारा वर्षांच्या वर ताबा हाय त्याचा. आधी नोटीस द्या." पोरांनी नोटीस दिली. ड्रॅगननं तारीख मागितली. चाचांनी दिली!

मला वाटलं, पोरं पळून जातील. पण फिजिक्सनं पिवळी पडलेली ती पोरं हसून हसून टेबलावर आडवी व्हायची.

मी हिमायतनगरकडची. सातवीत शाळा सुटली. कुणी 'लिहा' म्हटलं की अजून हाताला घाम सुटतो. म्हणून मी आपली परातीपाशी बसून ऐकायची. एका रविवारी चाचांनी हाक मारली, "अक्का, काय नुसतं ऐकून राहिल्या तिथं? इकडं या. रियासतीचा राजा मेलाय. वारस दोन. एक प्रवीण, दुसऱ्या तुम्ही. पुढच्या रविवारी दावे."

खेळात प्रवीणकडं राजाची बोलणारी अंगठी होती, सात पिढ्यांची वंशावळ होती. मी धनगरवाड्यात वाढलेली राजाची लेक. माझे कागद ड्रॅगननं जाळलेले. दावा फेटाळला तर मी खेळातून बाहेर. तुम्ही हसाल, पण मला ती गादी मनापासून पाहिजे होती. सातवीनंतर मला 'बसा' म्हणून कुणी कुठं बोलावलंच नव्हतं.

आठवडाभर माझ्या पोळ्या करपल्या. शनिवारी अर्ज झाला. 'माझ्याकडे कागद नाही. पण किल्ल्याखालच्या गल्लीत कोणत्या घरात कोण राहतं, कुणाची म्हातारी आंधळी आहे, कुणाची शेळी व्यायला झाली आहे, हे मला माहीत आहे.' आणि खाली घरांची नावं, ओळीनं.

रविवारी चाचांनी तो दोनदा वाचला. "अर्ज बरोबर हाय. साक्षीदार?"

"साक्षीदार न्हाई, चाचा."

"कागद न्हाई, साक्षीदार न्हाई," प्रवीणनं बोटात नसलेली अंगठी नाचवली. "चला मावशी, मुजरा करा. नियम चाचांचाच हाय."

चाचा माझ्या कागदाकडं बघत राहिले. मग जे बोलले, ते खेळातलं नव्हतं.

"भूकंपानंतर तिकडं तंबूत टेबल टाकून अर्ज लिहायला बसलो होतो. सात-आठ वर्षांची एक पोरगी आली. घरात कुणी उरलं न्हाई, कागद ढिगाऱ्याखाली. तिनं मला सगळी गल्ली सांगितली. ह्या घरात हे, त्या घरात ते. मी वारसाचा अर्ज लिहिला. साहेब म्हणाला, साक्षीदार आणा. कुठून आणू? गल्लीच न्हाई."

"मग?" प्रवीणनं विचारलं.

"मीच सही केली. 'अर्जदारास जन्मापासून ओळखतो.' त्या गावात मी कधी पाय ठिवला नव्हता."

विषय नाही म्हणून आगीला माघारी धाडणारा हा माणूस!

प्रवीणनं चाचांच्या खिशातलं एक पेन ओढलं. माझ्या अर्जाखाली लिहिलं, 'अर्जदारास जन्मापासून ओळखतो', आणि सही ठोकली : राजपुत्र प्रवीण. "बसा मावशी गादीवर. अंगठी मात्र देणार न्हाई."

पोरांनी ताटं वाजवली. मला रडू येत होतं, ते पदरात लपवलं. त्या गलक्यात मी चाचांच्या जवळ सरकून विचारलं, "त्या पोरीचं पुढं काय झालं? घर, जमीन लागली का नावावर?"

"काय ठाऊक," ते पेनाला टोपण लावत म्हणाले. "अर्ज लिहिणाऱ्याला निकाल सांगायला कुणी येत न्हाई, अक्का."