दीड टक्क्याची बिअर

ओताकार वर्बा यांचे पत्र वेंदेलिन ह्रुबेश यांच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकून उभे होते. मजकूर साधा होता. 'तुमची सिमोना आमच्या हिनेकची बायको होणार, आनंद वाटला. तुम्ही घरी बिअर करता असे कळले. चाखायला कधी येऊ?' लिहिणारा माणूस मात्र साधा नव्हता. वर्बा नदीपलीकडच्या ब्रुअरीचे मुख्य उस्ताद होते. पत्र आले तेव्हा सफरचंदांना बहर होता. आता सफरचंदे गळायला लागली होती, आणि उत्तर काही गेले नव्हते.

ह्रुबेश यांनी जन्मभर गावचे वाचनालय सांभाळले होते. उत्तरे त्यांनी पुष्कळ लिहिली, पण प्रत्येकात क्षमायाचना इतकी लांबायची, की मुद्द्याला जागाच उरायची नाही.

"बाबा, हिनेकची आई काय म्हणते माहितीय?" सिमोना म्हणाली. "म्हणे, मुलीच्या बापाला स्थळ पसंत नाही, म्हणून गप्प बसलाय."

"अगं, मला पसंत आहे. मीच त्यांना पसंत पडणार नाही."

"मग तसं लिहा, पण लिहा. लग्नात त्या बाईंच्या शेजारी मला बसायचंय."

"एक खेप नीट जमू दे. लगेच लिहितो."

ही खेप नीट जमवायचीच, असे ठरवून त्यांनी मोड आणून वाळवलेले सातू भरडले आणि मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात घातले. पुस्तकात म्हटले होते, पाणी पासष्ट अंशांवर ठेवा. जास्त तापले तर गोडवा उतरेल, पण त्याची दारू होणार नाही. त्यांचा थर्मामीटर बरोबर पासष्ट दाखवत होता. पण स्वतःची कुठलीही वस्तू बरोबर असू शकते, यावर ह्रुबेश यांचा कधीच विश्वास नव्हता. त्यांनी शेजारच्या लिबोरचा मागवला. लिबोर तो डुकराची सॉसेज उकडताना वापरायचा.

लिबोरच्या थर्मामीटरने पंचावन्न सांगितले.

"बघ, वेंदा," लिबोर म्हणाला. "तुझा म्हणजे खेळणं आहे. माझ्या आजोबांचा आहे हा."

ह्रुबेश यांनी आजोबांचा मान राखून आच वाढवली. मग पातेले हंसाच्या पिसांच्या जाड रजईत गुंडाळून पलंगावर झोपवले, जशी त्यांची आई बटाटे गरम ठेवायची. पुढे कडवटपणासाठी हॉप्सची फुले, मग आंबवायला यीस्ट. बिअर दिसायला सोन्यासारखी झाली, फेसही उभा राहिला. पण दारूचे प्रमाण मोजल्यावर ह्रुबेश खुर्चीत बसले. पाच टक्के व्हायची ती बिअर जेमतेम दीडवर अडून राहिली होती.

लिबोरने पेला संपवला आणि वाट पाहिली. "काहीच होत नाहीये, वेंदा. माझ्या सासूला दिली तर तीसुद्धा गाडी चालवेल."

"तुझी सासू गाडी चालवते?"

"नाही ना."

शनिवारी फाटक वाजले. उत्तराची वाट बघून कंटाळलेले वर्बा सिमोना आणि हिनेकसोबत स्वतःच आले होते. पिंपाएवढा माणूस, पण पाऊल हलके. ह्रुबेश यांनी त्यांना सफरचंदे दाखवली, कोंबड्या दाखवल्या, विहीरही दाखवली.

"सगळं छान आहे," वर्बा म्हणाले. "आता बिअर."

स्वयंपाकघरात लिबोर घाम पुसत उभा होता. "घाबरू नकोस," तो कुजबुजला. "दुकानातून आणून तुझ्या बाटल्यांत भरलीय. एक नंबर आहे. तू फक्त गप्प राहा." गप्प राहणे ह्रुबेश यांना जन्मतःच जमत होते.

वर्बांनी वास घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "उत्तम," ते म्हणाले. "कोणी केली?"

ह्रुबेश यांनी टेबल पुसायला घेतले.

"मी सांगू? मीच केलीय. आमच्या नव्या टाकीतली आहे."

सिमोनाने कपाळावर हात मारला. लिबोरला अचानक स्वतःच्या घरी काम आठवले.

"मला माफ करा," ह्रुबेश म्हणाले. "माझी फसलीय. तिच्यात दमच नाही. पण यात पोरीचा काही दोष नाही हो. स्थळ मला फार, फार पसंत आहे."

"ते नंतर. फसलेली आणा."

ती आली. वर्बांनी एक घोट घेतला. मग पेला संपवला, पुढे सरकवला, दुसरा संपवला, तिसऱ्याला कॉलर सैल केली.

"किती आहे?"

"दीड," ह्रुबेश जमिनीकडे बघत म्हणाले.

वर्बांनी हिनेककडे पाहिले, तर हिनेक हसत होता. मग ते ह्रुबेश यांच्याकडे वळले. "अहो ह्रुबेश, वर्ष झालं, डॉक्टरांनी माझी बंद केलीय. कामावर घोट घ्यायचा आणि थुंकायचा. उस्ताद म्हणे! दोन टक्क्यांच्या आतली एखादी चालेल म्हणाले डॉक्टर, पण तसली मी सगळी पिऊन बघितली. त्यापेक्षा नदीचं पाणी बरं. हिला चव आहे. ही जमवलीत कशी?"

"शेजाऱ्याच्या थर्मामीटरनं."

"तो फुटू देऊ नका." वर्बांनी चौथा पेला भरून घेतला. "मी दर शनिवारी येतो. एकच अडचण आहे. आमच्या बायकोचा, दागमारचा, माझ्या शब्दावर विश्वास नाही. तुम्ही पत्राचं उत्तर लिहा. घरचं टपाल तीच उघडते. स्वच्छ लिहा, की बिअर फसलीय."

त्या संध्याकाळी ह्रुबेश यांना एकही कागद फाडावा लागला नाही. 'माननीय वर्बा,' त्यांनी लिहिले, 'स्थळ मनापासून पसंत आहे. उशिराबद्दल क्षमस्व. बिअरमध्ये दम नाही, हे मी खात्रीने सांगतो. दर शनिवारी अवश्य यावे, सौभाग्यवतींनाही आणावे. पुढच्या खेपाही अशाच फसाव्यात म्हणून मी शर्थ करीन.'

टपालपेटीपाशी त्यांचा हात थबकला. पुढची खेप चुकून जमली तर? पण मागून सिमोना येत होती, आणि तिने कोपराने हलकेच ढोसताच पत्र पेटीत पडले.